सहा फुटांवरची बटणं

काकानगरातलं घर मला स्वस्तात पडलं,
म्हणजे भूपाल मगदूमला महागात.
तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलो,
त्या चढण्याचे शेवटी जे एकरकमी पैसे आले
ते घेऊन खाली उतरलो, नदीकडं.
बायको म्हणाली, सगळी सांगली विश्रामबागेकडं सरकतीय,
तुम्ही उलटे.
म्हटलं, आपल्या ऐपतीचं घर उतारालाच मिळतं.

हे माझं तिसरं.
कुलूप निघालं, दार निघेना, फुगून बसलेलं.
दस्तगीर मिस्त्रीनं खांदा लावला.
आत कॅलेंडर, खालचा अर्धा महिना पाण्यानं नेलेला,
वर उरलेल्या पाच तारखेवर पेन्सिलीनं : गॅस लावला.
आणि चारी भिंतींना एकच रेघ,
चहाच्या रंगाची, कुठं सूतभर वर नाही, खाली नाही.
दस्तगीर म्हणाला, आण्णा, पाणसळ मारायचं काम वाचलं,
नदीनं मारून ठेवलीय.
मी शेजारी उभा राहून बघितलं.
गळ्याशी येत होती.

स्वयंपाकघरात फरशी पिवळी.
भाव चढेल म्हणून मगदूमनं ठेवलेली हळद, आठ पोती.
पाणी आत आलं, आठ दिवस राहिलं,
आणि जाताना नुसतं पाणी गेलं.
ॲसिड झालं, तारेची घासणी झाली.
बदलायची तर चाळीस हजार.
राहू दे म्हटलं. काटकसर म्हणून म्हटलं,
दुसरं काही कारण असलं
तर ते मला अजून नीट सांगता येत नाही.

वायरिंग मात्र माझ्या हातचं.
जुने बोर्ड उचकटले, आतून गाळाच्या वड्या पडल्या,
नवी बटणं घेतली रेघेच्या वर, सहा फुटांवर.
मग प्लास्टर, पुट्टी, मोतिया रंगाचे दोन हात.
रेघ गेली.
घर एकदम कुणाचंच नसल्यासारखं दिसायला लागलं,
भाड्यानं द्यायला अगदी योग्य.

लाइटबिलाच्या नावाची सही करायला भूपाल आला,
दिवस बुडताना.
चप्पल बाहेर काढली, आत गेला,
न बघता त्याचा हात दाराच्या उजवीकडं गेला,
कमरेच्या जरा वर,
आणि सपाट भिंतीवर बोटं चाचपत राहिली.
बटण वर आहे, हे मला म्हणता आलं असतं.
मी म्हटलं नाही.
त्यानंच हात मागं घेतला, अंधारातच म्हणाला,
बरं केलंस वर घेतलंस.
सही मग आम्ही बाहेर,
माझ्या स्कूटरच्या सीटवर केली.

भाडेकरू मिळाल्या सुवार्ता कांबळे,
मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर, एक मुलगी, दुसरीतली.
विचारलं, पाणी येतं का हो इथं?
मी म्हटलं, नळाला ना? सकाळ-संध्याकाळ.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या,
मग पोरीला उचलून बटण दाबून बघितलं.
दुसऱ्या दिवशी टेंपोतून पहिलं सामान आलं
ते एक स्टूल.

श्रावणात फोन : भिंतीला काहीतरी उमटतंय.
ब्रश आणि उरलेला डबा घेऊन गेलो.
मोतियाच्या आतून ती वर आलेली,
फिकी, पांढुरकी, मिठासारखी फुललेली,
नव्या भिंतीला तिचं जुनं माप पाठ होतं.
मी डब्याचं झाकण काढलं.
सिस्टर म्हणाल्या, राहू द्या. झाकू नका.
मला कळायला पाहिजे, सामान कुठवर उचलायचं.
नंतर म्हणाल्या, भाडं पाचशेनं कमी करा.
पिवळ्या फरशीवर बसून आम्ही चहा घेतला.
पोर स्टुलावर चढून दिवा लावत होती, घालवत होती,
लावत होती.
तीनशे कमी केले.
डबा तसाच उघडा राहिला बहुतेक, वाळून गेला असेल.